भैरोबाची उतरण

सहादेवनं टाच रोवली तसा मुरूम सरसरत खाली गेला आणि त्याच्याबरोबर टाचही गेली. तो हातभर घसरला, थांबला, आणि काही झालंच नाही अशा थाटात समोर बघत राहिला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक बांबू होता. सात हात मागं, त्याच बांबूंच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको छबूबाई उभी होती. मधोमध एक पाट काथ्यानं आडवा बांधला होता, पाटावर चुंबळ आणि चुंबळीत पितळेचा तांब्या, काठोकाठ भरलेला. निदान दहा पावलांपूर्वी तरी तो काठोकाठ भरलेला होता. आता बांबूवरून ओघळत आलेलं पाणी सहादेवच्या मानेला गार लागलं.

"सांडलं वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं कशाला? तीन बोटं गेलं," छबूबाई म्हणाली. "ठेवा खाली. आन् जरा दम खावा."

"मला कुठं दम लागलाय?"

"मला लागलाय."

तिला लागला नव्हता. पण सहादेवनं ते खरं धरलं आणि बांबू खाली टेकवून, डावा पाय दुमडून आणि उजवा सरळ ठेवून, तो घसरणीवर बसला. हल्ली तो सगळीकडं असाच बसायचा. कुणाच्या ध्यानात आलेलं नाही अशी त्याची खात्री होती.

बोरदऱ्याच्या भैरोबाची पालखी वर्षातून एकदा, चैत्रात, काळ्या घळीत उतरते. घळीच्या तळाशी कातळात एक डोह आहे. तिथं देवाला आंघोळ घालायची आणि दिवस मावळायच्या आत परत देवळात आणायचं. पालखीनं गावची शीव ओलांडायची नाही, आणि वाटेत ती जमिनीला टेकता कामा नये, ही मोठी अट. या अटीसाठी कुणा वाडवडिलांनी घळीच्या कड्यात पायऱ्या खोदून ठेवल्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवरून उतरताना देवाच्या कपाळावरचं गंधसुद्धा हलत नसे, असं म्हातारी माणसं सांगत. पण मागल्या श्रावणात तीन दिवस पाऊस झोडपत राहिला आणि तो कडा पायऱ्यांसकट खाली बसला. त्याच्या जागी आता ही घसरण होती. वर भुसभुशीत मुरूम, खाली नुसती वाळू, आणि धरायला म्हणून एक झुडूप नाही.

नवी वाट काढायची तर तिची परीक्षा कशी घ्यायची, हेही ठरलेलं होतं. पालखीच्या मापाचे बांबू घ्यायचे, देवाच्या जागी भरला तांब्या ठेवायचा, आणि पालखीच्या घरातल्या दोन माणसांनी तो तळापर्यंत न्यायचा. दोन बोटांहून जास्त पाणी सांडलं, तर ती वाट देवाची नव्हे. सहादेवच्या आज्यानं एकदा असा तांब्या नेला होता म्हणे. त्यानंतर गरजच पडली नव्हती.

पुढचा उजवा खांदा सहादेवच्या घराण्याचा. आज्याचा होता, बापाचा होता, आणि गेली तीस वर्षं सहादेवचा होता. हा मान माणूस मेल्यावरच दुसऱ्याकडं जायचा. जिवंतपणी तो कुणी सोडल्याचं बोरदऱ्यात कुणाला आठवत नव्हतं. आणि सहादेव साठीला आलेला असला तरी मरायला काही टेकलेला नव्हता. त्याचा फक्त उजवा गुडघा गेला होता. दिवाळीपासून तो उतारावर दगा द्यायला लागला. चढावर ठीक, सपाटीवर ठीक, पण उतरणीला पाय टाकला की आतलं काहीतरी सुटायचं आणि पाय आपला नसल्यागत पुढं जायचा. विहिरीच्या पायऱ्या उतरताना तो दोनदा बसला होता. तिथं बघायला बेडकांशिवाय कुणी नव्हतं. पालखी खांद्यावर असताना तो असा बसला तर सगळं गाव बघणार होतं, आणि देव जमिनीवर येणार होता. 

म्हणून तर तो पुतण्याला बरोबर न घेता आला होता. तांब्याचं दुसरं टोक खरं तर कानिफनाथनं धरायचं. पंचविशीचा, ताडमाड, पालखीच्या मागच्या खांद्याला चार वर्षं असलेला पोरगा. सांगितलं असतं तर उड्या मारत आला असता. सहादेवनं त्याला सकाळीच नारळ-गुलाल आणायला खर्ड्याच्या बाजाराला पिटाळलं आणि बायकोला म्हणाला, "शेरडं घळीकडंच चारायची असली तर चल. मला एक टोक धरायला हुईल."

"मी चालंन का?" तिनं विचारलं होतं.

"घरातलं मानूस पायजे. तू काय शेजारच्या घरातली हायेस?"

मनातून त्याला काय हवं होतं, ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तांब्या रिकामा व्हावा, वाट नाही असं गावाला सांगता यावं, यंदाची आंघोळ देवळाच्या विहिरीवर उरकावी. मग गुडघ्याला वर्षभराची सवड. पण हे मनात आलं की लगेच दुसरंही यायचं. तीन पिढ्यांनी देव डोहाला नेला आणि आपल्या पायापायी तो विहिरीवर न्हाणार. या दोन्हींच्या मध्ये तो गेले पंधरा दिवस चेचला जात होता आणि उगाच घरातल्यांवर डाफरत होता.

छबूबाईनं कमरेच्या भोपळ्यातलं पाणी तांब्यात ओतलं आणि तो पुन्हा काठापर्यंत आणला.

"मी म्हनतो, तिकडं बोराटीच्या मागल्या अंगाला एकदा बघून आलो असतो," सहादेव म्हणाला.

"सकाळीच सांगितलं न्हवं? तिकडं समदा कडा तुटलाय. शेरडं सुदिक जात न्हाईत."

"मंग ही येकच जागा."

"ही येकच."

दोघं उठली. या खेपेला सहादेव सरळ न उतरता घसरणीवरून तिरका निघाला, बैलगाडी उतारावरून काढतात तशी. टाच रोवायची, वजन टाकायचं, मुरूम सरकून थांबला की दुसरी टाच. डाव्या टाचेला काही नव्हतं. उजवीच्या वेळी तो दात आवळायचा. आठव्या पावलाला गुडघा सुटला. तो पडला नाही, पण बांबू पुढून खाली गेले आणि तांब्या चुंबळीतच आडवा झाला.

 छबूबाईनं मागचं टोक खाली ठेवलं, तांब्या उभा केला, आणि घसरणीकडं, मग बांबूंकडं, मग नवऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली. सहादेवला ते बघणं नको झालं.

"काय बघतीस?"

"तुमचं काय चुकत न्हाई," ती म्हणाली. "पुढचं मानूस खाली ऱ्हातंय, मागचं वर. बांबू खांद्यावर ठिवल्यावर पानी पुढंच येनार. पायऱ्या बेतशीर हुत्या, तवा भागत हुतं. हितं पुढच्यानं बांबू हातावर उचलाय पायजेत, डोक्याच्या वर. आन् मागच्यानं खाली, गुडघ्यापाशी धराय पायजेत."

"पालखी खांद्यावरनं जाती. हातावरनं जातीय का कुटं?"

"बघा तर करून. मी पुढं हुते."

छबूबाई नवऱ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती. लग्नात यावरून वऱ्हाड आठ दिवस हसत होतं आणि सहादेवनं पुढं वर्षभर जत्रेतही तिच्या शेजारी उभं राहायचं टाळलं होतं. दोघं पुन्हा कडेला चढली, भोपळ्यातल्या पाण्यानं तांब्या भरला. आता ती पुढं झाली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही बांबू हातांवर तोलून डोक्याच्या वर नेले. सहादेवनं मागची टोकं खाली, मांडीजवळ धरली. लांबून कुणी पाहिलं असतं तर नवराबायको कुणाला पोचवायला चाललीत असंच वाटलं असतं. ती तिरकी चालली, तोही मागून निघाला. मागच्याला पाय मोकळा टाकता येत होता. भार पुढं होता. उजवी टाच रोवली तरी गुडघा कुरकुरला, पण सुटला नाही. पन्नास पावलांवर मुरूम संपून वाळू लागली. पोटरीपर्यंत पाय आत जात होता, आणि आत गेलेला पाय घसरत नव्हता.

तळाला पोचल्यावर छबूबाईनं बांबू सावकाश खाली घेतले. दोघांनी तांब्यात वाकून पाहिलं. छबूबाईनं बोट बुडवून मोजलं. जेमतेम एक बोट कमी होतं.

"झाली की वाट," ती म्हणाली.

सहादेव तांब्याकडं बघत राहिला. वाट झाली होती. देव डोहाला येणार होता. आणि पुढच्या माणसानं बांबू डोक्याच्या वर धरून शंभर पावलं उतरायचं म्हणजे तिथं उंच, जवान माणूसच हवा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मान खांद्याचा होता. ही उतरण हातांची होती. खांदा सोडण्याचा प्रश्नच नव्हता. खांद्याला इथं कामच नव्हतं.

"मंग कानिफा पुढं लागंल," तो म्हणाला. आवाज होता त्याहून जड काढायचा त्यानं प्रयत्न केला. "माझी उंची न्हाई पुरायची."

"न्हाई पुरायची," छबूबाई म्हणाली.

"मला न्हाई बरं वाटत. पन तांब्याच सांगतोय म्हनल्यावर..."

"तांब्याम्होरं आपलं काय चालतंय?"

पंधरा दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं. तो डोहाच्या काठाशी गेला, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला आणि तोंडावर ओंजळीनं पाणी मारत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. पलीकडच्या काठाला त्यांची तिन्ही शेरडं पाणी पीत होती.

"ही कवा आली?" त्यानं विचारलं.

"शेरडांला काय, कुटनं बी उतरत्यात," छबूबाई म्हणाली आणि बांबूंचा काथ्या सोडायला लागली.

परत जाताना ती म्हणाली, दमलोय, वाळू चढायला नको. नदीच्या पात्रातूनच जाऊ. नदी म्हणजे चैत्रात नुसते गोटे. शेजारच्या गावाच्या शिवेतून दोन कोसांचा वळसा पडला, पण सगळी वाट सपाट होती. सहादेव तो वळसा शीळ घालत चालला. शीळ घातलेली त्याला कित्येक वर्षांत आठवत नव्हती.

संध्याकाळी देवळापुढच्या पारावर त्यानं सगळं सांगितलं. निवडणूक होऊन महिना झाला होता आणि पाराच्या भिंतीवर रंगवलेलं गाय-वासराचं निशाण अजून ताजं होतं. त्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी दोन-चार शंका काढल्या, पण एका बोटाच्या हिशेबापुढं कुणाचं काही चाललं नाही. श्रीमंत गुरव, भैरोबाचा पुजारी, तेवढा म्हणाला, "सहादेवा, तुझ्या खांद्याबिगर देव उतरनार म्हंजी नवलच."

"मान माझाच हाय," सहादेव म्हणाला. "फकस्त यंदा हात कानिफाचे."

कानिफनाथ पाराच्या कडेला उभा होता. त्यानं पुढं येऊन चुलत्याच्या पाया पडून घेतलं. सहादेवनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, हे पोरगं पालखी आपल्यापेक्षा बरी नेईल.

यात्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर पालखी घळीच्या कडेला आली. बायका कडेवरच थांबतात. त्या दिवशी घळीत बाईमाणूस उतरत नाही. एरवी सरपणाला, शेरडांमागं त्याच उतरत असतात, तो भाग वेगळा. सहादेवनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी आधी जाऊन डोहापाशी थांबतो. सांगताना सोपं वाटलं होतं. आता तो त्या घसरणीच्या तोंडाशी आला आणि मोकळ्या हातानंसुद्धा आपल्याला इथून सगळ्यांदेखत उतरता येणार नाही, हे त्याला कळलं. ढोलवाले वाजवत होते. गुलालानं सगळं लाल झालं होतं. त्यानं उगाच पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं.

"अवो," छबूबाई मागून म्हणाली. "जरा हिकडं या."

ती त्याला गर्दीतून बाजूला घेऊन गेली, कडेकडेनं, बोराटीच्या जाळीला वळसा घालून. जाळीमागं कडा मधोमध चिरला होता आणि त्या चिरेतून एक वाट खाली गेली होती. रुंद, दोन माणसं जोडीनं चालतील एवढी. कातळाचे बसके टप्पे, मध्ये मध्ये लेंड्या पडलेल्या, आणि उतार असा की म्हातारी गायही हाकून नेता आली असती.

सहादेव वाटेकडं बघत राहिला.

"तू म्हनली हुतीस, कडा तुटलाय."

"म्हनले हुते."

"ही वाट कवापास्नं हाय?"

"पायऱ्या गेल्या, तवापास्नं शेरडांनी पाडली." तिनं पदर डोक्यावर नीट ओढला. "जावा. मी आज खाली येत न्हाई. दमानं जावा, तसा तरास न्हाई पडायचा."

ती वळून बायकांच्यात निघून गेली. तिला जे सांगायचं होतं, ते एवढंच होतं.

सहादेव उतरायला लागला. पहिल्या वळणापर्यंत त्याला नुसता राग आला. आख्खं गाव वाळूतून उतरवलं बाईनं. दुसऱ्या वळणाला त्याला आपल्या गुडघ्याची आठवण झाली, म्हणजे तो दुखत नव्हता याची. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. दिवाळीपासून पाण्याची कळशी विहिरीवरून तीच आणत होती. त्याचं अंथरूण माळवदावरून खाली ओसरीवर आलं होतं, उकाडा नसताना. तो लपवत होता, आणि ज्या माणसापासून लपवत होता तेच माणूस त्याला लपवायला हात देत होतं. ह्या सोप्या वाटेनं पालखी उतरली असती, तर पुढचा उजवा खांदा त्यालाच द्यावा लागला असता. विहिरीच्या पायऱ्यांवर तो दोनदा बसला होता. इथंही बसला असता. सहादेव मध्येच एका टप्प्यावर थांबला, डोळे पुसले आणि पुढं निघाला. त्याचा राग कुठं गेला, ते त्याला कळलं नाही.

तो डोहाशी पोचला तेव्हा पालखी घसरणीच्या निम्म्यावर होती. कानिफनाथ आणि त्याचा जोडीदार पुढं, हात डोक्याच्या वर. मागचे दोघं जवळजवळ बसत उतरत होते. मुरूम वाहत होता, तिरक्या वाटेवर पालखी डोलत होती, पण सपाट होती. वाळूत आल्यावर चौघं मांडीपर्यंत रुतले आणि वरून बायकांचा ओरडा झाला. देव मात्र टेकला नाही. श्रीमंत गुरवानं मुखवटा उचलून डोहात नेला, तेव्हा सहादेवनं आपल्या पागोट्याच्या शेवानं तो पुसला. त्याला वाटलं, सगळं पार पडलं.

सगळं पार पडलेलं नव्हतं. चढणीचा विचार कुणीच केला नव्हता.

पायऱ्या होत्या तोवर तो करायची गरजच नव्हती. जशी पालखी उतरायची तशीच चढायची. आणि तांब्या न्यायचा तो उतरताना, रीतच तशी होती. चौघांनी पालखी तशीच हातांवर घेऊन वाळूत पाय घातला. एक पाऊल वर, दीड पाऊल खाली. मागच्यांनी डोक्याच्या वर उचलायचं आणि पुढच्यांनी गुडघ्यापाशी धरायचं, हेही करून पाहिलं; मागच्याचा पाय सगळा भार घेऊन आत जायचा आणि पालखी एकीकडं कलायची. तिसऱ्या खेपेला दांडी वाळूपासून वीतभर राहिली. ढोल थांबला. 

"नदीनं जाऊ," कुणीतरी म्हणालं.

"नदी दुसऱ्याच्या शिवेतनं जाती," श्रीमंत गुरव म्हणाला. "पालखी शीव वलांडत न्हाई. आन् दिवस किती ऱ्हायलाय बघा."

दिवस हातभर राहिला होता. कानिफनाथच्या पोटऱ्या थरथरत होत्या. त्याचे दंड तर केव्हाचे गेलेले होते. आता तो नुसता दात आवळून उभा होता. सहादेवला ते दात आवळणं चांगलंच ओळखीचं होतं.

"थांबा," तो म्हणाला. "वाळूत जाऊ नका. त्या जाळीमागनं वाट हाय. चांगली हाय. मी आत्ता तिकडनंच आलो."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मग त्याच्या पायांकडं. त्याच्या पायांना वाळूचा कण नव्हता.

"मंग उतरताना का न्हाई बोललास?" श्रीमंत गुरवानं विचारलं.

आत्ताच दिसली, असं म्हणता आलं असतं. सहादेवच्या ते ओठावर आलं होतं. त्यानं एकदा वर कडेकडं पाहिलं. बायकांच्या रांगेत छबूबाई कोणती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं, पण सगळ्यांत उंच जी होती ती तीच असणार.

"मला ठाऊक हुती वाट," तो म्हणाला. "मीच सांगितली न्हाई. माझा गुडघा गेलाय, दिवाळीपास्नं. उतारावर थांबत न्हाई. सोपी वाट सांगितली असती तर खांदा मला द्यावा लागला असता, आन् मी देव पाडला असता. खांदा सोडतो म्हनायची लाज वाटली. म्हनून गप ऱ्हायलो."

 सहादेवला वाटलं होतं, हे बोलल्यावर जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. तसं काही झालं नाही. उलट छाती मोकळी झाली. तांब्यानं सुटका केली त्या दिवशीही ती मोकळी झाली होती, पण आजची सुटका वेगळी होती. ही कुणी परत घेऊ शकणार नव्हतं.

श्रीमंत गुरवानं देवाकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं आणि हातातली चवरी काखेत मारली. "चला मंग. काय ते बोलनं उद्या पारावर. आदी देव घरी न्या."

पालखी वळली. जाळीखालच्या पहिल्या टप्प्यापाशी आल्यावर कानिफनाथ थांबला. घाम त्याच्या डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तात्या, उतारालाच दुखतोय न्हवं?"

"उताराला."

"आन् चढाला?"

"चढाला काय न्हाई."

"मंग घ्या की खांदा. माझ्यानं आता उभं ऱ्हाववत न्हाई."

सहादेवनं पागोटं घट्ट केलं आणि दांडीखाली खांदा दिला. कानिफनाथ मागं सरला. तीस वर्षांचा तो भार होता, नेमका त्याच जागी बसला. चढ सावकाश होता, टप्पे बसके होते, आणि उजवा पाय सांगितल्यासारखा पुढं पडत होता. ढोल पुन्हा वाजायला लागला. ही शेवटची खेप, हे त्याला माहीत होतं. त्यानं मागून येणाऱ्या कानिफनाथला सांगूनही टाकलं, मान न वळवता: "पुढच्या साली ह्याच वाटंनं, आन् पुढचा उजवा तू."  ढोलातही त्याला ते ऐकू गेलं.

वर येईतो सूर्य डोंगराला लागला होता. पालखी भलत्याच अंगानं, बोराटीच्या जाळीमागून आलेली पाहून बायकांची धांदल उडाली. त्या सगळ्या घसरणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. पालखी घळीतून वर आली की खांदेकऱ्यांच्या घरच्या बायका त्यांच्या पायांवर पाणी घालतात. त्या कळशा सावरत धावल्या. छबूबाई धावली नाही. ती चालत आली, पालखी कुठून आली ते तिनं पाहिलं, पुढचा उजवा खांदा कुणाचा आहे ते पाहिलं, आणि नवऱ्यासमोर येऊन थांबली.

"काय सांगितलंत?" तिनं हळूच विचारलं.

"मला वाट ठाऊक हुती म्हनून. आन् गुडघ्याचं."

"समदं?"

"तुझं काय न्हाई सांगितलं."

 त्याला खांद्यावर देव असल्यामुळं हलता येत नव्हतं. मग ती वाकली. पाणी पावलांवर घालायचं असतं. छबूबाईनं त्याचं धोतर उजव्या गुडघ्याच्या वर सारलं, सगळ्या गावादेखत, आणि कळशी तिथून तिरकी केली. पाणी गुडघ्यावरून पोटरीवर आणि पोटरीवरून पावलांवर आलं. कळशी रिकामी होईपर्यंत तिनं हात हलवला नाही.